ठोकेसाहेबांचे कान

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, खाणीत छत ठोकायच्या कामावर होते. जमिनीच्या पोटात जिथे खोदकाम चालतं तिथे माणसं शिरण्याआधी त्यांनी जायचं, लोखंडी पहारेने डोक्यावरचा दगड ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचं. खणखणला तर पक्का, पोकळ वाजला तर कच्चा. दाजींनी ‘पक्कं’ म्हटलं की बाकीचे आत. सगळी खाण त्यांना ठोकेसाहेब म्हणायची. त्यातला ‘साहेब’ पगारात धरलेला नव्हता.

आता या कानाच्या कामाला कंपनीने माणूस कुठून उचलावा? तर ड्रिलवरून. अर्धं आयुष्य दाजींनी दगडात भोकं पाडायचं मशीन चालवलेलं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला त्यांचा जोडीदार डावऱ्या. सगळं डाव्या हाताने करायचा म्हणून डावऱ्या. कानावर लावायची झाकणं कंपनीने आणली होती, खोटं कशाला बोलू? पण ती हरवू नयेत म्हणून सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवली होती, आणि पाहुणे आले की कपाट पुसून दाखवत. झाकणं अजून नवीकोरी आहेत. कान तेवढे गेले.

सुट्टीच्या दिवशी डावऱ्या दाजींकडे येऊन पायरीवर बसायचा. दाजी पाठदुखीबद्दल ओरडायचे, तो घराच्या गळक्या पत्र्याबद्दल ओरडायचा, आणि मनसोक्त गप्पा झाल्याच्या समाधानात दोघं उठायचे. ताई आत कपाळाला हात लावून बसायची.

मग हा बहिरा माणूस छत ऐकायचा कसा? ऐकायचा नाहीच, बघायचा. पहार मारायची आणि मागे उभ्या असलेल्या मदतनिसाच्या तोंडाकडे बघायचं. तो निवांत असला तर छत पक्कं. तो हळूच मागे सरकला तर कच्चं. मदतनिसाला शेवटपर्यंत कळलं नाही की खाण त्याच्या चेहऱ्यावर उभी आहे.

वर्षातून एकदा तपासणी व्हायची. सुरक्षा अधिकारी खुर्चीतून न उठता विचारायचे, “ऐकू येतं?” दाजी म्हणायचे, “हो साहेब.” मग “काही तक्रार?” “नाही साहेब.” एका वर्षी साहेबांनी प्रश्न उलटे विचारले. तक्रार आहे का, तर हो साहेब. ऐकू येतं का, तर नाही साहेब. साहेब पोट धरून हसले, “मोठे विनोदी हो तुम्ही!” म्हणाले आणि सही ठोकून मोकळे झाले.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण कंपनीला काटकसरीचा झटका आला आणि मदतनीस गेला. त्याच आठवड्यात आमच्या भाचीच्या नवऱ्याची बदली झाली, नेमकी दाजींच्या छताखाली.

दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. ताईला म्हणाले, “आता मी कुणाच्या तोंडाकडे बघू? पोरीचा नवरा आहे गं खाली.”

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मीच अधिकाऱ्यांकडे गेलो. माझी नोकरी खाणीच्या तोंडाशी, लॅम्परूममध्ये. टोपीवरचा दिवा माझ्या खिडकीतून मिळतो, आणि दिव्याशिवाय खुद्द मॅनेजरही खाली उतरू शकत नाही. एवढाच काय तो माझा रुबाब.

“साहेब, दाजींना ऐकू येत नाही. मशीनने कान गेले.”

“कोणत्या तारखेला?”

“तारीख कशी असेल? हळूहळू गेले.”

“मग तो अपघात नाही. अपघाताला तारीख लागते,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. “आणि असं बघा, हे बहिरे असतील तर माझ्या सगळ्या सह्या खोट्या ठरतात. माझ्या सह्या खोट्या नाहीत. म्हणजे हे बहिरे नाहीत. अभिनंदन करा त्यांचं.”

मी हात जोडून बाहेर आलो. बाहेर येऊन जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दाजींनी मग स्वतःच मार्ग काढला. पहार मारायची आणि म्हणायचं, “कच्चं!” दुसरीकडे मारायची, “कच्चं!” गेल्या कित्येक वर्षांत पडलं नाही तेही कच्चं, सिमेंटचा खांबही कच्चा. खोदकाम ठप्प झालं. माणसं पडली असती तर एवढी धावपळ झाली नसती. माल पडून राहिला तशी मोटार भरून डॉक्टर आले, मशीन आलं, आणि दाजींच्या कानांत पहिल्यांदा कुणीतरी डोकावलं. दोन्ही कान कामातून गेलेले निघाले. कारण लिहिलं, वयोमान.

दाजींना सन्मानाने घरी बसवलं. निरोप म्हणून कंपनीने त्यांना रेडिओ दिला.

पण दाजी खुशीत होते. कान गेले, नोकरी गेली, जावई तर वाचला. आता कुणीतरी कानाचा माणूस येईल. त्या संध्याकाळी जावई घरी आला तसं त्यांनी विचारलं, “माझ्या जागी कोण?”

जावयाने सांगितलं. दाजींना काहीच कळलं नाही. मग बिचाऱ्याने पहार धरल्यासारखा हात वर करून छत ठोकून दाखवलं. डावा हात.

दाजींच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला. ते अनवाणीच डावऱ्याच्या घराकडे निघाले, मी मागोमाग. डावऱ्या दारातच उभा होता, नुसता फुलून गेला होता.

“तू नाही म्हण!” दाजी ओरडले. “माझा जावई आहे खाली! तुला ऐकू येत नाही!”

“हो, हो, उद्यापासूनच!” डावऱ्या त्यांना मिठी मारत ओरडला. “तुझीच पहार मागून घेतली!”

मी पुढे होऊन हातवारे करणार, तेवढ्यात डावऱ्याची बायको माझ्यापुढे आली. तिचे डोळे भरले होते. “भाऊ, त्यांच्या कानांचं कुठे बोलू नका. आयुष्यात पहिल्यांदा हलकं काम मिळालंय हो.”

दाजींना धरून घरी आणलं. ते रस्त्यात लहान मुलासारखे रडत होते, आणि आपण किती मोठ्याने रडतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सकाळी माझ्या खिडकीपुढे रांग लागली. सर्वांत पुढे डावऱ्या, दाजींची पहार घेऊन. त्याच्या मागे आमचा जावई, दिव्यासाठी हात पुढे केलेला. तो हात मी बघितला, आणि खिडकीची फळी ओढून आतून कडी घातली.

थोड्या वेळाने रांग बोंबलायला लागली. मग सुरक्षा अधिकारी धावत आले आणि फळीवर दोन्ही हातांनी ठोकत सुटले. “दिवे द्या! शिफ्ट खोळंबलीय! ऐकू येत नाही का?”

“नाही साहेब!” मी आतून ओरडलो. “आज सकाळीच गेले कान. तारीख लिहून घ्या.”