एटेल्काच्या ओसरीवरचा हंस

अर्धा कोबी चिरून पिंपात मिठाखाली दाबला होता, अर्धा टेबलावर तसाच पडला होता, तेवढ्यात शेजारून एटेल्काची हाक आली. हाक कसली, ओरडणंच ते.

"रोझालिया! हे काय ठेवलंयस माझ्या ओसरीवर?"

सुरी टाकून ओल्या हातांनीच कुंपणाशी गेले. एटेल्का नुकतीच कामावरून आली होती. अंगात अजून कोट, आणि काखेत माझा पाळलेला हंस. चांगला गुबगुबीत, गळ्यात मी बांधलेली लाल फीत.

"संत मार्टिनच्या सणाची भेट, आज हंस खायचा दिवस," मी म्हटलं. "दरवर्षी अर्धा भाजून देते ना तुला. यंदा कोबीत अडकले. म्हटलं, जिवंतच द्यावा, तुझ्या सोयीनं काप."

"तो टोपलीतून निघून रस्त्याकडे पळत होता, म्हणून धरला मी," ती म्हणाली आणि तिनं काखेकडे पाहिलं. काखेत काय आहे ते तिला तेव्हा उमगलं. आणि मलाही.

एटेल्का ज्या अंडीघरात काम करते तिथली अंडी खाण्यासाठी नसतात. ती दहा दिवस उबवतात, मग लसीच्या कारखान्यात पाठवतात, आणि त्यांच्यात लसीसाठीचा विषाणू वाढवतात. एटेल्का अंधाऱ्या खोलीत बसून एकेक अंडं दिव्यापुढे धरते. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या आणि मधला ठिपका हलला, की अंडं जिवंत. नाहीतर बाजूला. एका नजरेत कळतं तिला. मी एकदा घरी विजेरीपुढे अंडं धरून पाहिलं, तर मला फक्त अंडं दिसलं.

बाहेरचा रोग अंड्यांपर्यंत जाऊ नये म्हणून तिथे नियम दोनच, पण कडक. कामगाराच्या घरी पक्षी नको, आणि बाहेर कुठे जिवंत पक्ष्याला हात लागला तर सात दिवस आत पाऊल नाही. म्हणून तर सहा वर्षांपूर्वी तिनं आपल्या बारा कोंबड्या मला देऊन टाकल्या. मला हे सगळं पाठ होतं. पण देवाशपथ सांगते, टोपली ठेवताना डोक्यात आलंच नाही. मार्टिनचा हंस हा आमच्याकडे पक्षी नसतोच, सण असतो.

आणि वेळ तरी कुठली! दोनच दिवसांनी नव्या जातीच्या बर्ड फ्लूवरच्या लसीची पहिली खेप सुरू व्हायची होती. साथ माणसांत आलेली नाही, येऊही नये, पण आलीच तर हाताशी असावी म्हणून करून ठेवायची लस. त्या खेपेसाठी अंधाऱ्या खोलीची मुख्य म्हणून एटेल्काला नेमलं होतं.

हे काम तिला किती हवं होतं ते मलाच ठाऊक. दहा वर्षांपूर्वी बर्ड फ्लूच्या साथीत तिच्या घरचे तीनशे हंस सरकारी माणसांनी एका दुपारी मारून नेले. तिच्या नवऱ्यानं, देझ्योनं, त्यांना मदत केली आणि तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. डॉक्टरांनी विषाणूवरच्या गोळ्या दिल्या, त्याला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं. एटेल्का दाराबाहेर ताट ठेवायची आणि आतल्या खोकल्याकडे कान लावून बसायची. मी रोज पाच माळा जपल्या. ताप साधाच निघाला. पण ती तेव्हा म्हणाली होती, "रोझालिया, गोळ्या आजारी पडल्यावर. आधी द्यायला ह्यांच्याकडे काहीच कसं नाही गं?"

तर ती तशीच उभी, हंस काखेत.

"सोड त्याला," मी हळूच म्हटलं. "आण इकडे. कोणी पाहिलं नाही."

"तू पाहिलंस."

"मी कुणाला सांगणारे?"

"दर रविवारी चर्चात मिस्साला पहिल्या बाकावर बसणारी बाई तू, आणि मला हे शिकवतेस?"

तिनं हंस कुंपणावरून माझ्या हातात दिला, घरात गेली, हात धुतले आणि अंडीघराच्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. खिडकी उघडीच होती. "हो, जिवंत. हो, मीच धरला. नाही, शेजारणीचा. नाही हो, वेडी नाही ती, भाविक आहे."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई पांढऱ्या पोशाखात माझ्या अंगणात हजर. भेटीतल्या हंसाच्या आणि छपराखालच्या माझ्या सगळ्या हंसांच्या घशात कापसाच्या काड्या फिरवल्या. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "डॉक्टर, हिच्याही घशात एक फिरवा, जरा शांतता मिळेल." मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नमुने स्वच्छ निघाले, देवाची कृपा. पण सात दिवस ते सातच. खेप थांबत नाही. मुख्य म्हणून एमॉके नावाच्या नव्या मुलीला बसवलं.

मला वाटलं, एटेल्का आता माझं तोंड पाहणार नाही. ती दुसऱ्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उरलेला कोबी चिरायला बसली. फोन मांडीवर. खेप सुरू झाली तशी एमॉके दर तासाला अंधाऱ्या खोलीबाहेर येऊन फोनवर विचारायची.

"ठिपका हलत नाही म्हणतेस? अगं, अंडं जरा तिरपं कर. त्यालाही झोप लागते. हं, हलला ना? मग ठेव. आणि रडू नकोस बाई, दिव्याच्या काचेवर वाफ धरते."

चौथ्या दिवशी एमॉकेचे फोन कमी झाले. सहाव्या दिवशी एकही आला नाही. एटेल्का दुपारभर फोनकडे बघत होती. मी म्हटलं, "वाईट वाटतंय ना? सगळं माझ्यामुळे."

"वाटतंय," ती म्हणाली. "पण पोरीला दिसायला लागलं. आता दोघी झालो. एकटीच असते आणि मीच आजारी पडले असते तर?" मग डोळे पुसून, "तुझ्या कोबीत मीठ फार आहे."

आज सात दिवस संपले. खेप अजून आठवडाभर चालणार आहे, एटेल्का एमॉकेच्या हाताखाली बसणार. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, परत येण्याआधी साध्या फ्लूची लस घेऊन या. माणसाचा फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू एका अंगात भेटायला नकोत, भेटले तर मिसळून नवाच रोग जन्मायचा. उद्या सकाळी आठला एटेल्का गावच्या दवाखान्यात ती लस टोचून घ्यायला जाणार आहे.