मंगळाच्या यंत्राला दोन थेंब तेल

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी दगडांशी बोलतात, ही आवई मीच उठवली. अगदीच खोटी नव्हती. शहराबाहेरच्या बंद खाणीचा तांबडा, ओसाड उतार हुबेहूब मंगळासारखा आहे म्हणे. वहिनी तिथे जाऊन हातात मावेल एवढं यंत्र दगडाला टेकवायच्या. यंत्र प्रकाश सोडायचं, आणि दगडात काय काय दडलंय ते पडद्यावर रेघांनी दाखवायचं. मंगळावर जाणाऱ्या यंत्रांची ही रंगीत तालीम. नोकरी मात्र कंत्राटी. "यंदा काही ठोस सापडलं तरच पुढे," असं साहेबांनी बजावलं होतं.

आणि सापडलं! भाजून निघालेल्या त्या दगडांत सेंद्रिय द्रव्याची रेघ, म्हणजे कधीकाळच्या जिवाची खूण असू शकते. अहवाल गेला. वहिनींचा नवरा शिलाई यंत्रं दुरुस्त करतो; त्याने बातमी चौकापर्यंत पोचवली. तिथून पुढे गावभर करायला मी होतोच.

मग एका संध्याकाळी वहिनींनी सहज यंत्र न्हाणीघराच्या फरशीला टेकवलं. तीच रेघ. चहाच्या कपाला टेकवलं. तीच.

"घरभर जीवसृष्टी की हो, वहिनी!" मी म्हणालो.

त्या न हसता नवऱ्याकडे वळल्या. "अहो, यंत्राला हात लावला होतात?"

"हात कसला? पुढची काच कोरडी ठणठणीत होती बिचारी. खाणीवर निघालीस त्या सकाळी दोन थेंब तेल लावून पुसली. यंत्र म्हटल्यावर..." बायकोचं तोंड बघून त्याने हातातलं फडकं खिशात कोंबलं.

तेलही सेंद्रियच; रेघ दगडाची नव्हती, काचेवरच्या तेलाची होती. वहिनींनी चूक स्वतःवर घेतली, अहवाल मागे घेतला. यंत्र जमा झालं, कंत्राट संपलं.

नवरा बायकोच्या नकळत साहेबांकडे गेला. सोबत मला नेलं. त्याला तोंड फुटणार नव्हतं आणि माझं बंद होणार नव्हतं. पण तोच बोलला. "साहेब, काच मी पुसली."

"ओळखलं होतं मी. त्यांच्या हातून असं व्हायचं नाही."

"मग घ्या ना तिला परत."

"कशावर घेऊ? सापडलं तर काहीच नाही."

"दगड उचलायला तरी न्या."

साहेबांनी उठून आमच्यासाठी दार उघडून धरलं. माणूस सज्जन, शिव्याही घालता येईनात.

घरी वहिनींनी विचारलं, "कुठे गेला होतात दोघे?"

"सुया आणायला," नवरा म्हणाला.

"मिळाल्या?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण त्या दिवशी भिजला.

"नाही," तो म्हणाला.

"मिळणार नव्हत्याच," वहिनी म्हणाल्या, आणि पानं वाढायला उठल्या.