वर्तकबाईंचं फडकं

कोणी नवी एअर रायफल कौतुकानं दाखवायला आणली, की वर्तकबाई आधी ती रिकामी असल्याची खात्री करून घेत, मग लिव्हर ओढून ती तयार करत आणि दस्त्याची टाच खालच्या रबरी चटईवर धप्पकन आपटत. तेवढ्या धक्क्यानं ट्रिगर आपोआप सुटला, तर बाई रायफल परत करत. "ही बंदूक नाही, मांजर आहे. कधी उडी मारेल नेम नाही. ने घरी."

मुलुंडमध्ये एका शाळेच्या तळघरात आमचा रायफल क्लब भरे. सकाळी लहान मुलांना मी शिकवायचो, संध्याकाळी मोठ्यांना बाई. बारीक अंगकाठी, आखूड कापलेले पांढरे केस, कॉटनचा पंजाबी ड्रेस आणि चेहऱ्यावर कायम कोणावर तरी वैतागल्याचा भाव. त्यांच्या तोंडून कौतुक ऐकलेला मुलगा मला अजून भेटायचाय. नेम बरोबर मध्यावर लागला तर म्हणत, "लागला ना? आता परत लाव." मुलं त्यांना टरकायची. पालक माझ्याकडे तक्रारी घेऊन यायचे, आणि मी मान डोलवून त्यांना चहा पाजायचो.

क्लबच्या रायफली जुन्या. त्यांचे मूळचे ट्रिगर इतके जड आणि खरखरीत की बोट दाबता दाबता नेम हलून जाई. शेवटी बाहेरून नवे ट्रिगर घेऊन सगळ्या रायफलींवर बसवायचं ठरलं, आणि निवड बाईंवर सोपवली गेली. अंधेरीच्या दुकानदारानं नमुने दिले. बाईंनी ते घरी नेले आणि अख्खा पावसाळा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. एकदा मी गेलो तर फोडणीच्या डब्याशेजारी ट्रिगर ओळीनं मांडलेले.

"बाई, हे काय?"

"इथं वाफ आहे, दमट हवा आहे, फोडणीचा धूर आहे. आपल्या तळघरात दुसरं काय असतं? हलका आहे हे मला सांगू नको रे मिलिंद. हलके सगळेच असतात. आज आहे तसाच उद्या असेल का, ते सांग."

पावसाळ्याअखेर त्यांनी निवडला तो ट्रिगर दिसायला अगदीच दरिद्री होता. काळा, ठोकळ्यासारखा, किंचित जड. पण चारी बाजूंनी बंद, आणि दोन स्क्रू काढले की आतलं सगळं घरच्या घरी पुसता येई.

क्लबनं घेतला तो दुसराच. आमचे अध्यक्ष शिर्के साहेब बिल्डर होते आणि त्या ट्रिगरची एजन्सी त्यांच्या साडूची होती. सोनेरी, झळझळीत, नुसत्या स्पर्शानं सुटेल इतका हलका. खालून फट उघडी, पण आतली पेटी कोणी खोलू नये म्हणून कंपनीनं मोहोरबंद केलेली. मोहोर तोडली की गॅरंटी गेली. बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "घाण आत जायला वाट आहे, बाहेर काढायला नाही." साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

दसऱ्याला क्लबात शस्त्रपूजा होई. त्यासाठी बाईंची एक पद्धत होती. जुन्या सुती साडीची फडकी आदल्या दिवशी धुऊन आणायच्या आणि प्रत्येक रायफलच्या ट्रिगरभोवती घट्ट बांधायच्या. हळदकुंकू, अक्षता, झेंडू सगळं लाकडी दस्त्यावर. "देवाला लाकूड चालतं. यंत्राला कुंकू चालत नाही."

त्या दसऱ्याला साहेब फोटोग्राफर घेऊन आले. नवे सोनेरी ट्रिगर फडक्यांत गुंडाळलेले बघून त्यांचं बिनसलं. "काय हो बाई, देवासमोर बंदुकांना बँडेज कशाला? सोडा ती." बाई म्हणाल्या, सोडणार नाही. साहेबांनी स्वतःच्या हातानं सगळी फडकी सोडली आणि ट्रिगरवर चिमूटचिमूट कुंकू वाहिलं, वर अक्षता. फोटो झकास आले.

पाहुणे गेल्यावर बाई ब्रश आणि हवेचा फुगा घेऊन बसल्या. वरवरचं निघालं. आत गेलेलं तेलात बसलं होतं. मोहोर तोडायची परवानगी त्यांनी मागितली, निदान सायलीच्या रायफलीपुरती तरी. सायली आमची सगळ्यात चांगली नेमबाज, भांडुपची, आणि राज्याच्या संघाची निवड चाचणी आठवड्यावर आलेली. साहेब म्हणाले, गॅरंटीला हात लावायचा नाही. बाईंचा स्वभाव त्यांना माहीत होता, म्हणून कपाटाची किल्लीही ते घेऊन गेले. आठवडाभर सराव बंद राहिला; रायफली बाहेर आल्या त्या थेट चाचणीच्या सकाळी.

बाईंनी सायलीची रायफल घेतली आणि धप्पकन आपटली. ट्रिगर सुटला नाही. परत आपटली, तेव्हाही नाही. तरी त्यांनी ती सायलीच्या हातात दिली नाही. "माझं मन घेत नाही," त्या सायलीच्या वडिलांना म्हणाल्या, "मी दुसरी मागून आणते." वडील म्हणाले, "बाई, आता ऐन वेळी पोरीच्या डोक्याची वाट लावू नका. टेस्ट केलीत ना तुम्ही? झालं तर मग." सायलीनं रायफल घेतली.

अर्धी चाचणी होईपर्यंत ती पहिल्या तिघींत होती. मग एका नेमाला तिनं छर्रा भरला, लिव्हर बंद केली, आणि रायफल खांद्याला लागायच्या आत सुटली. छर्रा समोरच्या फळीत घुसला. कोणाला इजा झाली नाही. सायलीच्या नावापुढं शून्य लागलं आणि ती संघाबाहेर गेली.

नंतर साडूच्याच माणसानं पेटी उघडली. आत तेल आणि कुंकवाचा लाल चिखल होता, आणि त्यात अक्षतेचा एक तुकडा. मला वाटलं, चला, निदान आता तरी. कमिटीच्या बैठकीत मी फडक्यांचं, किल्लीचं सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्पर्धेला जाताना रायफल कोणी तपासली?" बाई म्हणाल्या, "मी." "आणि ठीक आहे म्हणून दिली?" बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आपटून बघितली. सुटली नाही." एवढं साहेबांना पुरलं. प्रशिक्षकाचा हलगर्जीपणा ठरला आणि बाईंना नारळ मिळाला. सायलीलाही बोलावलं होतं. बाई दुसरी रायफल मागून आणणार होत्या, एवढं तरी तिनं सांगायला हवं होतं; ती खाली मान घालून बसली. पुढच्या वर्षी क्लबतर्फे कोणाला पाठवायचं, हे साहेबांच्याच हातात होतं.

मी सायलीवर संतापलो होतो. जिना चढताना बाईंनी मला गप्प केलं. "तिला बोलू नको. तिला अजून खेळायचंय."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय. मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले, आपटून बघा. आणि ऐन वेळी तेच खोटं निघालं." जिन्याच्या वळणावर त्या थांबल्या. "सुटली असती ना रे, तर पोर वाचली असती."

त्यानंतर त्या तळघरात आल्या नाहीत. मी घरी जायचो, तेव्हा त्या सगळ्या विषयांवर चिडून बोलायच्या, रायफल सोडून. खिडकीत फक्त फोडणीचा डबा असे. गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेत सर्वांत लांब भाषण शिर्के साहेबांनी केलं. शिस्त, त्याग, तपस्या, काही म्हणून सोडलं नाही. मला इतका राग आला की मी बोलायला उठलोच नाही.

यंदाच्या दसऱ्याला गेलो तर रायफली ओळीनं मांडलेल्या, आणि प्रत्येकीला तांबडी सॅटिनची फीत बांधलेली. आता संध्याकाळचं शिकवणं सायलीकडे आहे. ती लांब कपाटापाशी उभी होती. साहेब पाहुण्यांना सांगत होते, "ही आमच्या वर्तकबाईंची परंपरा. पूजेला बंदुकीला कापड बांधायचंच. त्या गेल्या, पण आम्ही मोडली नाही."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फिती लाकडी दस्त्यांना बांधल्या होत्या, छान फुलं काढून. ट्रिगर उघडेच होते. साहेबांनी तबकातून कुंकवाची चिमूट उचलली. मी सायलीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.