बायकोच्या मशीनवरचं लिनक्स

मंडळी, आज दुपारी घडलं ते लगेच लिहून टाकतो, नाहीतर आतल्या आत जळत बसेन.

राहुरीत मी आणि माझी बायको वैशाली मिळून कॉम्प्युटर क्लास चालवतो. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली, मी शिकवतो. त्यासाठी दरवेळी विंडोज बंद करून मशीन पुन्हा सुरू करावं लागतं, तोवर पोरं जांभया देतात.

आज वैशालीच्या मशीनभोवती गर्दी दिसली. बघतो तर विंडोज चालूच, आणि त्यातल्याच एका चौकटीत लिनक्स सुरू! तिनं एक नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यामुळे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर असल्यासारखं सगळं चालत होतं.

"सर, आमच्याबी मशीनवर टाका की, लई भारी हाय," एक पोरगी म्हणाली.

"मॅडमना सांगा," म्हणत मी चहाला निघून गेलो.

क्लास बंद करताना वैशाली म्हणाली, "तुला दाखवायचं म्हणून किती धडपडले. एक शब्द बोलला नाहीस."

"फार हळू चालतं ते."

"चालतं हळू. उद्या तुझ्या मशीनवर टाकून देऊ?"

"माझ्या मशीनला मेमरी पुरायची नाही."

दोन्ही मशीन आम्ही एकाच दुकानातून, अगदी सारखी घेतली आहेत.

मंडळी, परक्याला "भारी केलंस" म्हणताना जीभ अडत नाही. घरच्याच माणसाला म्हणताना का अडते? तुमचं होतं का असं?