झापिसाची मोळी

नाव: स्तोयना, वुकोमानची विधवा. राहणार: मोरावा नदीचं खोरं, ठाण्याच्या हद्दीतलं शेवटचं गाव. मालमत्ता: एक चूल, एक शेळी. शस्त्र: नाही. राजकीय मत: नाही. शेरा: निरुपद्रवी.

हा शेरा जर्मन ठाण्याला गावचा मुखिया तनासिये याने दिला होता. निरुपद्रवी कोण नाही, तेही तोच कळवत असे. त्याच्याच सांगण्यावरून त्याचा चुलतभाऊ वुकोमान झापिसावर टांगला गेला. झापिस म्हणजे गावचा जुना ओक. त्याच्या बुंध्यावरचा क्रूस पाद्री दरवर्षी सणाला नव्याने कोरतो. त्याची खाली पडलेली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. जो जाळील त्याचं वर्ष पुरं होत नाही, असं गाव मानतं. तनासियेही मानायचा. फाशीला मात्र त्याची हरकत नव्हती. फांदी कुठं तुटली होती?

पहिलं बर्फ पडलं तेव्हा स्तोयनाने त्याला भर विहिरीवर गाठलं.

"भावजी, थंडीची लाकडं भरली?"

"पडवी गच्च आहे, वहिनी. सगळा ओक."

"बरं झालं. माझीही एक मोळी आहे त्यात. वाऱ्याने फांदी पडली होती झापिसाची."

बायकांचे हंडे जागच्या जागी थांबले. तनासिये हसला, पण उशिरा.

"कुठली ती, दाखव चल!"

"साल सोलून, फोडून घातलीय. आता मला तरी कुठं ओळखू येणार? जाळा, म्हणजे कळेलच."

पडवीतलं लाकूड चुलीत घालायची तनासियेची छाती होईना. रानातून दुसरं आणावं, तर झाडाला कुऱ्हाड लावणाऱ्याला गोळी, असा हुकूम होता. दवंडी तनासियेनेच पिटवली होती. शेजाऱ्यांकडे लाकूड मागितलं, तर प्रत्येकाचं नेमकं कालच संपलेलं. बायको माहेरी गेली. तिथली चूल पेटत होती.

तो मेंढीच्या कातड्याचा कोट घालून थंड चुलीपुढे बसून राहिला. स्तोयना रोज कुंपणाशी थांबायची.

"काय भावजी, धूर दिसत नाही आज?"

"मर तू!"

"आधी मोठ्यांचा मान."

ईस्टरच्या आधी तो न्यूमोनियाने गेला. त्याच्या पडवीतली लाकडं जर्मन सैनिकांनी भटारखान्यात जाळली आणि उन्हाळाभर सूप प्याले. कुणाला साधा खोकलाही झाला नाही. तरी गाव अजून सांगतं, मुखियाला झापिसाने नेलं.

स्तोयनाने त्या पडवीत एक काडीही घातली नव्हती. झापिसाची काटकी उचलायला तीही भीत होती.