सोमारीनं नाही म्हटलं

दीपाली लग्न होऊन घुग्घुसला आली, तेव्हापासून कोळसाखाणीच्या क्वार्टरबाहेर ती एकटी कधी गेली नव्हती. बाजार सासू करायची, दवाखान्यात नवरा न्यायचा. माहेर सिंदेवाहीकडचं, मासे धरणाऱ्या ढिवराचं. तिथं ती बापाच्या डोंग्यात बसून तलावभर हिंडलेली. सासरी हे कोणाला माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

२००१च्या उन्हाळ्यात धाकटा दीर धनराज नागपूरच्या होस्टेलवरून एक खेळ घेऊन आला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि बेत साधला की फसला ते फाशांनी ठरवायचं. दुपारी कूलरपुढं धनराज, नणंद डिंपल आणि दीपाली बसले.

"पहिले आपलं माणूस बनवा," धनराज म्हणाला.

डिंपलनं झटक्यात तलवारवाली राजकन्या बनवली, सगळे गुण ताकदीत घातले. दीपालीचं काही ठरेना.

"लग्न झालेलीच पाह्यजे का?"

"कोणीबी चालते, वहिनी."

मग तिनं सोमारी बनवली. डोंगा चालवणारी, एकटी राहणारी. ताकद बेताची, पण पाण्याची वाट अचूक ओळखणारी.

धनराज सांगायचा ती गोष्ट एका लांब नदीवरची होती. राक्षस दिसला की डिंपल फासे उचलायची. सोमारी मात्र दर घाटावर उतरायची, तिथल्या माणसांशी बोलत बसायची, पुढं कोणतं गाव लागतं ते विचारायची. धनराजला त्या गावांची नावं जागच्या जागी रचावी लागत.

"वहिनी, तू लढतच नाई! असी काऊन खेळतं?" डिंपल चिडली.

"मी पाहून राह्यली ना सारं," दीपाली म्हणाली.

एका सुट्टीच्या दिवशी तिचा नवरा इस्तारीही खेळायला बसला. तो सेनापती झाला आणि बसल्या बसल्या हुकूम सोडला, "चल वं, आमाले किल्ल्यावर पोचव."

"सोमारी नाई येत."

"नाई येत म्हंजे?"

"तिले वरच्या गावाले जाचं हाय. तुमी दुसरा डोंगा पाहा."

डिंपल खिदळली. इस्तारीही हसला. त्यानं तिला अडवायला फासे टाकले. पडले एक आणि दोन. धनराज म्हणाला, "फसला बेत. सोमारी गेली निघून." आता इस्तारी हसत नव्हता.

"बस झाला खेळ. च्या ठेव."

दुसऱ्या दिवशी त्यानं भावाला शांतपणेच सांगितलं, हे घरात नको. त्याच आठवड्यात धनराज नागपूरला परतला. पोळ्या लाटताना दीपालीनं मनातल्या मनात सोमारीला पुढं न्यायचा प्रयत्न केला. पण वळणापुढं काय आहे ते सांगणारं कोणी नव्हतं, आणि नदी तिथंच थांबली.

एका संध्याकाळी धीर करून ती नवऱ्याला म्हणाली, "मले थोडे दिवस माहेरी जाचं हाय."

"आता काऊन? दिवाळीले पाहू."

'नाई' तिच्या अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण इथं फासे नव्हते, सोमारी नव्हती. समोर बनियनवर बसलेला इस्तारी होता आणि आत सासू कान देऊन.

"बरं," ती म्हणाली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली. त्यांच्यावर कोळशाची भुकटी बसली होती. ते पुन्हा धुवावे लागणार होते.