टॅपेट कव्हर आणि नानखटाई

आमच्या स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये मी मोटारीच्या इंजिनाचा एक भाग भाजला होता, आणि ही गोष्ट पत्नीपासून दोन दिवाळ्या लपवून ठेवली होती.

एरवी मी सभ्य गृहस्थ म्हणून ओळखला जातो. विमा कार्यालयात अधिकारी आहे. बदलीने जयपूरला आलो आणि येथेच रमलो. माझा आवाज इतका खालचा आहे की फोनवर बोलताना पलीकडचा माणूस लाइन कटली असे समजून फोन ठेवून देतो. अशा माणसावर कुणी संशय घेत नाही. या सोयीचा मी गैरफायदा घेतला, हे प्रथम नमूद करतो.

आता गाडीविषयी. (पत्नीच्या मते माझे प्रत्येक बोलणे अखेर येथेच येते.) सिव्हिल लाइन्समधील एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजात ती कित्येक वर्षे पडून होती. जपानी, दोन दारांची, लांब नाकाची स्पोर्ट्स गाडी. मागच्या सीटवर कबुतरांचा संसार. हिचे पुढचे दिवे बॉनेटच्या आत झोपलेले असतात आणि बटण दाबले की पापण्या उघडाव्यात तसे वर येतात. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून मी प्रथम बटण दाबले तेव्हा एकच दिवा वर आला. दुसरा तसाच झोपून राहिला. म्हणजे अनोळखी, धुळीने माखलेल्या त्या गाडीने मला चक्क डोळा मारला. पन्नाशीच्या माणसाला असे निमंत्रण वारंवार येत नाही. मी तिला घरी आणली.

नीलिमाने, म्हणजे माझ्या पत्नीने, फाटकातूनच विचारले, "ही चालते का?"

"चालेल."

"मी 'चालते का' विचारलं."

त्यानंतरची काही वर्षे आदर्श नगरमधील आमचे पोर्च हे पोर्च राहिले नाही. कन्या ऋता माझी भागीदार होती. ती शहरातल्याच झालाना भागातील एका कार्यालयात नोकरी करते. येथेच वाढल्यामुळे तिचे मराठी हिंदीच्या खांद्यावर हात ठेवून चालते. ("बाबा, हा बोल्ट मतलब फिरतच नाहीये, अडून बसला आहे, ज़िद्दी है.") जयपूरच्या उन्हाने दारांची रबरे पापडासारखी मोडत होती. डॅशबोर्डला भेगा होत्या. कार्ब्युरेटर आम्ही इतक्या वेळा उघडला की तो आम्हाला ओळखू लागला असावा. पण गाडी हळूहळू जिवंत होत गेली. लाल रंगाला पॉलिश चढले त्या दिवशी एक मोर कंपाउंडवर उतरला, दारात स्वतःचे प्रतिबिंब पाहून चवताळला आणि त्याने दारावर चोच मारली. दुसरा कुणी असता तर ओरखडा पाहून रडला असता. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. मोराला प्रतिस्पर्धी वाटावा असे पॉलिश, म्हणजे काय काम झाले असेल!

दोन उणिवा मात्र राहिल्या. डावा दिवा मर्जी असेल तरच उठत असे. आणि इंजिन गरम असताना बंद केले तर पुन्हा सुरू होण्यास बरीच मनधरणी लागे.

शेवटी उरले टॅपेट कव्हर. इंजिनाच्या डोक्यावरचे हे झाकण. बॉनेट उघडले की पहिली नजर त्यावर पडते. मूळ गाडीत त्यावर बारीक सुरकुत्यांचा लाल रंग होता. तो रंग मी मिळवला. मात्र त्या सुरकुत्या नुसत्या वाळवून पडत नाहीत. रंग लावून झाकण मंद आचेवर भाजावे लागते. तेव्हा नीलिमा साताऱ्याला भावाकडे गेली होती, ऋता कार्यालयात होती, आणि ओव्हन घरी होता.

झाकण सरळ मावेना, तिरके मावले. काचेतून मी पाहत बसलो. गुळगुळीत रंगावर हळूहळू सुरकुत्या उमटू लागल्या. सायीवर उमटतात तशा, एकसारख्या. ते दृश्य इतके सुंदर होते की मला अपराधाची जाणीव व्हायला झाकण थंड व्हावे लागले. मग वास आला. मी खिडक्या उघडल्या, सोड्याने ओव्हन घासला, लिंबू फिरवले, वेलदोडे जाळले, शेवटी कापूर लावला. नीलिमा परतली तेव्हा म्हणाली, "आज स्वयंपाकघरात आरती केलीत का?"

"मन प्रसन्न होतं," मी म्हणालो. हे खोटे नव्हते.

पुढे दिवाळी आली. आमच्या मराठी मंडळाच्या फराळाला प्रत्येक घराचा एक पदार्थ ठरलेला असतो, आणि आमच्या घराची नानखटाई. नीलिमाची नानखटाई जिभेवर ठेवली की विरघळते. माणसे चिवडा-चकली सोडून आधी तिच्या डब्याभोवती जमतात. त्या वर्षी जमली. पहिला घास घेतला आणि सगळे विचारात पडले.

"छान आहे हो," जोशीकाकू म्हणाल्या. "काही नवीन घातलंयस का?"

"नाही काकू. नेहमीचीच."

"तसं नाही, मागून एक चव येते. आमचे हे बंद पडलेली स्कूटर आडवी करायचे ना, तेव्हा पेट्रोलचा वास यायचा, तशी."

जोशीकाकांनी मान डोलावून दुसरी घेतली. (स्कूटर त्यांची आवडती होती.) बाकीच्यांनी मात्र अर्धी अर्धी नानखटाई रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. डबा जवळजवळ भरलेला घरी परतला. असे पूर्वी कधी घडले नव्हते.

परतताना गाडीत नीलिमा डबा उघडून पुन्हा पुन्हा वास घेत होती. (घरच्या गाडीत. लाल गाडीला फराळाचे डबे चालत नाहीत, असा नियम मीच केला होता.) मग म्हणाली, "तूप."

त्या क्षणी मी बोलायला हवे होते. मी म्हणालो, "शक्य आहे."

या दोन शब्दांनी पुढे जे घडवले ते सांगताना आजही माझी मान खाली जाते. आमचे तूप बाबूलालजींकडून येई. बाजारात त्यांची छोटी डेअरी आहे. जयपुरात आलो त्या आठवड्यापासून त्यांचेच दूध, त्यांचेच तूप. नीलिमा दुसऱ्याच दिवशी तेथे गेली. मी सोबत होतो. पिशवी धरून.

"बाबूलालजी, घी बदला है क्या?"

"राम राम राम. बहनजी, वही घी है. मेरे घर में भी यही खाते हैं."

"नानखटाई में पेट्रोल की बास आ रही थी."

बाबूलालजींनी डब्यात नाक घातले, डोळे मिटले, पुन्हा नाक घातले. त्या भल्या माणसाला काही सापडेना. पण ग्राहकाला खोटे पाडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते हात जोडून म्हणाले, "बहनजी, माफ करना. हो सकता है, गाय ने कुछ उलटा-सीधा खा लिया हो."

माझ्या झाकणासाठी एका निष्पाप गाईचे चारित्र्य धुळीस मिळाले, आणि मी पिशवीची घडी सारखी करीत उभा राहिलो.

नीलिमाने डेअरी बदलली. तेव्हापासून मी बाजारात रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालू लागलो. बाबूलालजी मात्र लांबून हात करीत आणि विचारीत, "बहनजी नाराज हैं क्या अब तक?"

नव्या तुपाची नानखटाई केली. वास तसाच. मग मैदा बदलला. मग वेलची. वास हटेना; ओव्हनच्या पोटात तो कायमचा राहायला आला होता. एके दिवशी ताट समोर ठेवून ती शांतपणे म्हणाली, "तूप नाही, मैदा नाही. माझाच हात गेला."

"असं कसं होईल?"

"वय होतं हो. होतं असं."

तिने ओव्हन पुसून माळ्यावर ठेवायला मला दिला. मी तो चढवला. शिडीवरून उतरताना मनाशी ठरवले, आज सांगायचे. खाली आलो तर ऋता पोर्चमधून ओरडत होती, "बाबा, या लवकर, दोन्ही दिवे उठले!" मी धावलो. तोवर डावा पुन्हा झोपला होता, आणि माझे धैर्यही.

पुढच्या दिवाळीत फराळाच्या टेबलावर आमच्या नावाने दुकानातला चिवडा होता. "यंदा नानखटाई नाही?" असे कुणी विचारले नाही. न विचारणे हे किती मोठ्याने ऐकू येते, ते मला त्या दिवशी कळले.

त्याच हिवाळ्यात शहरात जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले. आमची गाडी प्रथमच लोकांसमोर जाणार होती. नीलिमाने तिला हळदीकुंकू लावले, नारळ फोडला, आणि पदराने तिच्या नाकावरची धूळ टिपली. पुढे ती बसली. ऋता मागच्या नावापुरत्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसली. हिरवळीवर आम्ही पोहोचलो तेव्हा गर्दी आमच्याकडे वळली. एक साफाधारी वृद्ध परीक्षक आले. गाडीभोवती सावकाश फिरले. मोराच्या ओरखड्यापाशी थांबले, हसले. मग म्हणाले, "बोनट खोलिए."

मी बॉनेट उचलले. ते वाकले, आणि तसेच राहिले.

"ये टॅपेट कव्हर... बाहर से मँगवाया?"

"जी नहीं. घर पर."

"घर पर? ये फ़िनिश घर पर?" त्यांनी सुरकुत्यांवरून बोट फिरवले. "मैंने कारखाने के बाहर ऐसा काम नहीं देखा."

वाचकहो, इतकी वर्षे मी याच वाक्यासाठी बोल्ट पिळले होते. माझी छाती फुगली. आवाजही, आयुष्यात प्रथमच, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा निघाला. "बहुत आसान है, साहब. तीन हात रंग देना, आडवा-उभा. फिर ओव्हन में मंद आँच पर. जल्दी नहीं करनी. किनारों पर हल्की सी सुरकुत्या, मतलब सिलवट दिखे, तब निकालना. बिलकुल नानखटाई की तरह!"

परीक्षक खूश झाले. लोक हसले. ऋता म्हणाली, "बाबा. मतलब... अपना वाला ओव्हन?"

मी वळलो. नीलिमा थर्मासमधून चहा ओतत होती. पेला भरला होता, तरी चहा येतच होता.

"कधी?" तिने विचारले.

"तू साताऱ्याला..."

"कापूर," ती म्हणाली.

"आणि वेलदोडे," मी प्रामाणिकपणे भर घातली.

आम्हाला पारितोषिक मिळाले. फोटोत मी चषक धरून उभा आहे. एका बाजूला ऋता आनंदाने उडी मारते आहे, दुसऱ्या बाजूला नीलिमा आपल्या उजव्या हाताकडे पाहते आहे. पुष्कळ दिवसांनी प्रवासाहून परतलेल्या माणसाकडे पाहावे तशी. तो फोटो मला फार प्रिय आहे, आणि त्याच्याकडे मी फार वेळ पाहू शकत नाही.

परतताना गाडी सुरेख धावत होती. बाजार आला तेव्हा नीलिमा म्हणाली, "इथे थांबवा."

समोर बाबूलालजींची डेअरी होती.

इंजिन चालूच ठेवून मी उतरलो. लाल गाडीभोवती पोरे, भाजीवाले, स्कूटरवाले जमू लागले. मी बाबूलालजींसमोर हात जोडले आणि सर्व सांगितले: झाकण, रंग, ओव्हन, माझे मौन. "घी में कोई खोट नहीं थी. गाय में भी नहीं. आप मुझे माफ कर दीजिए."

बाबूलालजींनी उत्तर देण्याआधीच माझ्या मागे एक खट् असा आवाज झाला. मी मान वळवली. गाडीत बसल्या बसल्या नीलिमाने दिव्यांचे बटण दाबले होते. उजवा दिवा वर आला. डावा झोपूनच राहिला.

बाबूलालजी गाडीकडे पाहत राहिले. "साहब, आप माफी माँग रहे हैं, और ये आँख मार रही है. किसकी मानूँ?"

बाजार हसला. बाबूलालजी तर डोळे पुसू लागले. त्यांनी तुपाचा डबा माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "बहनजी से कहना, नया ओव्हन, पहली नानखटाई मेरी."

मी खिडकीपाशी आलो. नीलिमा समोर पाहत होती.

"नीलिमा," मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "तुझ्या हाताला काही झालं नव्हतं. कधीच नाही. सगळं माझं चुकलं."

"ऐकू नाही आलं. इंजिनाचा आवाज आहे."

मी आत वाकून किल्लीकडे हात नेला.

"बंद करू नका," ती म्हणाली. "परत सुरू होईल, याची खात्री आहे तुम्हाला?"

खात्री नव्हती. मग पारितोषिकविजेत्या त्या इंजिनाच्या वर आवाज चढवून, हातात तुपाचा डबा धरून, भर बाजारात, ज्यांना मराठीतले ओ की ठो कळत नाही अशा सर्वांच्या साक्षीने मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो, "माझं चुकलं!"